वाचकांचे प्रश्न : ॲल्युमिनिअमच्या पॉटमधील वायू आणि विजेचा हिशेब

मागील अंकातील स्वयंपाकाच्या भांड्यांवरील लेखात ‘ॲल्युमिनिअम हा धातू विजेच्या साहाय्याने मिळवला जातो’ असा एका वाक्याचा उल्लेख होता. त्या वाक्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. बहुतेक पत्रांचा रोख या प्रक्रियेतून बाहेर पडणारे वायू आणि तिला लागणारी वीज यांवर असल्याने या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : शालेय पुस्तकात ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनिअमच्या ऑक्साइडच्या) विद्युत अपघटनात धनाग्रापाशी (ॲनोडपाशी) ऑक्सिजन तयार होतो असे समीकरण दिलेले असते, आणि लगेच पुढे धनाग्रे ठरावीक काळाने बदलावी लागतात असेही म्हटलेले असते. मग कारखान्यातून प्रत्यक्षात बाहेर पडतो तो वायू कोणता? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : बाहेर पडतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघा तरुणांनी एकमेकांच्या नकळत शोधलेली ही पद्धत आजही जगभर मूळ स्वरूपात चालू आहे. ॲल्युमिना २००० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो, म्हणून तो क्रायोलाइट या फ्लोरिनयुक्त क्षाराच्या वितळलेल्या रसात विरघळवतात आणि सुमारे ९६० अंशांवर त्यातून वीज सोडतात. हे ज्या मोठ्या टाकीत चालते तिला ‘पॉट’ आणि तिच्यातील वितळलेल्या मिश्रणाला ‘बाथ’ म्हणतात. या तापमानाला ॲल्युमिनामधील ऑक्सिजन धनाग्राच्या कार्बनशी तिथल्या तिथे संयोग पावतो, त्यामुळे मुक्त ऑक्सिजन जवळजवळ मिळतच नाही. विद्यार्थ्यांना सांगताना एकूण अभिक्रियाच सांगावी, असे मला वाटते : ॲल्युमिनाचे दोन रेणू आणि कार्बनचे तीन अणू यांपासून ॲल्युमिनिअमचे चार अणू आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू तयार होतात. यात कार्बन नुसता वीज वाहून नेत नाही, तो कच्चा माल म्हणून खर्च होतो. आणखी एक दुरुस्ती करायला हरकत नाही. ही धनाग्रे ग्राफाइटची नसतात. पेट्रोलियम कोक आणि डांबराचा पिच एकत्र मळून, दाबून आणि भाजून त्यांचे ठोकळे तयार करतात, आणि असा एक ठोकळा साधारण चार आठवडे टिकतो.

या समीकरणाप्रमाणे १ किलो ॲल्युमिनिअममागे ०.३३ किलो कार्बन लागायला हवा आणि १.२२ किलो कार्बन डायऑक्साइड निघायला हवा. प्रत्यक्षात कार्बन ०.४ किलोच्या किंचित वर जातो आणि वायू दीड किलोच्या आसपास निघतो. हा जादा खर्च तीन वाटांनी होतो. ठोकळ्याच्या उघड्या पृष्ठभागाला हवा लागून तो जळतो, तयार झालेला कार्बन डायऑक्साइडच गरम कार्बनला खाऊन कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि तयार झालेल्या धातूपैकी काही भाग पुन्हा ऑक्साइडमध्ये परततो. तिसरी वाट पुढील प्रश्नाच्या मुळाशी आहे.

प्रश्न : पॉटमधून निघणाऱ्या वायूचे विश्लेषण करून प्रवाह कार्यक्षमता काढता येते, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. वायू आणि विजेचा प्रवाह यांचा असा थेट संबंध कसा असू शकतो? (धातुशास्त्राचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : फॅरडेच्या नियमाप्रमाणे १००० ॲम्पिअर प्रवाह एक तास चालला तर ०.३३५६ किलो ॲल्युमिनिअम मिळाले पाहिजे. म्हणजे ३ लाख ॲम्पिअरच्या पॉटमधून दिवसाला सुमारे २४१६ किलो धातू यायला हवा. तो तेवढा येत नाही. चांगल्या पॉटमध्ये ९३ ते ९५ टक्के येतो, जुन्या किंवा बिघडलेल्या पॉटमध्ये ९० टक्के किंवा त्याहूनही कमी. ही टक्केवारी म्हणजेच प्रवाह कार्यक्षमता. उरलेला धातू चोरीला जात नाही की वाफ होऊन उडून जात नाही. तळाशी साठलेल्या द्रव धातूचा सूक्ष्म अंश वरच्या बाथमध्ये विरघळतो आणि तेथे धनाग्राखालून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांना भेटतो. मग ॲल्युमिनिअमचे दोन अणू कार्बन डायऑक्साइडच्या तीन रेणूंकडून ऑक्सिजन काढून घेऊन पुन्हा ॲल्युमिना बनतात आणि मागे कार्बन मोनॉक्साइडचे तीन रेणू सोडतात.

आता पहिल्या उत्तरातील समीकरण याच्या शेजारी मांडून पाहा. कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू निर्माण होतात तेव्हा धातूचे चार अणू मिळतात, आणि त्या तिन्ही रेणूंचा मोनॉक्साइड होतो तेव्हा त्या चारांतले दोन अणू परत जातात. म्हणजे वायूमध्ये कार्बन मोनॉक्साइड जितके टक्के, त्याच्या निम्मे टक्के धातू वाया गेला. वायूमध्ये १२ टक्के मोनॉक्साइड आढळला तर कार्यक्षमता ९४ टक्के, २० टक्के आढळला तर ९०. पिअर्सन आणि वॉडिंग्टन यांनी १९४७ मध्ये मांडलेला हा संबंध इतका सुटसुटीत आहे की तो पाठ करण्याऐवजी परीक्षेत उत्तरपत्रिकेवरच मांडून काढावा.

मात्र कारखान्यात त्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. गरम कार्बनवर कार्बन डायऑक्साइडची क्रिया होऊन जो मोनॉक्साइड तयार होतो त्याचा धातूच्या नुकसानीशी संबंध नसतो, पण तो मोजणीत मिसळतो आणि कार्यक्षमता आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. याउलट नमुना घेताना हवा आत शिरली तर मोनॉक्साइड जळून जातो आणि पॉट आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून अचूक मोजमापासाठी पॉटमधील धातूत तांब्याची ठरावीक मात्रा मिसळून ती दिवसागणिक किती पातळ होत जाते हे पाहतात, किंवा दीर्घ काळ टॅपिंगमधून, म्हणजे पॉटमधून वेळोवेळी उपसून, निघालेल्या धातूचे वजन धरतात. वायूचे विश्लेषण तातडीचा इशारा म्हणून उपयोगी आहे. बाथ अधिक तापला, धातूच्या पृष्ठभागावर लाटा उठू लागल्या, धनाग्र फार खाली आले, की मोनॉक्साइड वाढतो. आपण नागपुरातच शिकत आहात, तर वाडी येथील जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनिअम संशोधन विकास व अभिकल्प केंद्राला भेट देण्याची परवानगी आपल्या विभागामार्फत अवश्य मागावी.

प्रश्न : माझा भाचा ओडिशातील एका स्मेल्टरमध्ये (धातू मिळवण्याच्या कारखान्यात) नोकरीला आहे. ‘ॲनोड इफेक्ट’ आला की सगळ्यांची धावपळ उडते, असे तो सांगतो. काही मिनिटांच्या या प्रकाराचा हवामानबदलाशी संबंध काय? (सेवानिवृत्त बँक अधिकारी, सांगली)

उत्तर : संबंध मोठा आहे, आणि या उद्योगातील समाधानकारक म्हणावी अशी एक गोष्टही याच प्रकाराशी निगडित आहे.

पॉटच्या बाथमध्ये साधारण २ ते ४ टक्के ॲल्युमिना विरघळलेला असतो. तो वेळेवर मिळाला नाही आणि प्रमाण २ टक्क्यांच्या खाली घसरू लागले की धनाग्राचा पृष्ठभाग बाथने ओला होणे थांबते. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही तसा बाथ तेथे ठरत नाही, आणि मध्ये वायूचा पडदा तयार होतो. प्रवाह सगळ्या पॉटमधून एकाच ओळीने जात असल्याने तो थांबत नाही, तो त्या पडद्यातून मार्ग काढतो, आणि एरवी ४ व्होल्टच्या थोडा वर असणारा पॉटचा विद्युत दाब पाहता पाहता २०, ३०, कधी त्याहून अधिक व्होल्टपर्यंत चढतो. इतक्या दाबाला ॲल्युमिनाऐवजी क्रायोलाइटच फुटू लागते. त्यातील फ्लोरिन कार्बनशी संयोग पावून टेट्राफ्लोरोमिथेन आणि हेक्झाफ्लोरोइथेन हे दोन वायू तयार होतात.

हे वायू विषारी नाहीत, त्यांना वास नाही, आणि म्हणूनच पहिली शंभर वर्षे त्यांची कोणी फारशी दखल घेतली नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने १ किलो टेट्राफ्लोरोमिथेन साडेसहा टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, आणि हेक्झाफ्लोरोइथेन ११ टनांहून अधिक. त्यांना वातावरणात मोडणारी यंत्रणा जवळजवळ नाही. पहिल्याचे आयुष्य ५० हजार वर्षे आणि दुसऱ्याचे १० हजार वर्षे धरतात. १९९७ च्या क्योटो करारातील वायूंच्या यादीत परफ्लोरोकार्बनचा, म्हणजे हे दोन वायू ज्यात मोडतात त्या गटाचा, समावेश झाला तो यामुळेच.

जुन्या पॉटरूममध्ये (पॉटच्या दालनात) ॲनोड इफेक्ट टाळण्याचा प्रयत्नच होत नसे. दिवसातून एकदा तो आला म्हणजे तळाशी बसलेला ॲल्युमिनाचा गाळ विरघळतो आणि पॉट ‘साफ’ होतो, अशी समजूत होती, आणि ती सर्वस्वी चुकीची नव्हती. मग कामगार ओल्या लाकडाचा वासा धनाग्राखाली खुपसत. त्यातील वाफेने धातू उसळून पडदा फुटे आणि दाब खाली येई. तोपर्यंत मिनिटामिनिटाला नेहमीच्या पाच-सातपट वीज जळत असे आणि तापलेल्या बाथमुळे पुढचे काही तास कार्यक्षमताही ढासळलेली असे. पुढे पॉटच्या मध्यभागी ॲल्युमिनाची किलो-दीड किलोची मात्रा दर एक-दोन मिनिटांनी टाकणारी पॉइंट फीडर यंत्रणा आली. तिला जोडलेला संगणक पॉटच्या विद्युत रोधातील बारीक चढउतारांवरून ॲल्युमिना कमी पडत आहे की अधिक, याचा अंदाज बांधतो. दर टन धातूमागचे हे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सुमारे ९० टक्क्यांनी घटले आहे. त्यासाठी धुराड्यावर कोणतेही नवे यंत्र बसवावे लागले नाही. पॉट नीट चालवला, एवढेच.

आपल्या भाच्याला एक गोष्ट जरूर विचारावी. आजच्या मोठ्या पॉटमध्ये तीस-चाळीस धनाग्रे असतात, आणि त्यांतील एखाद्याच कोपऱ्यात ॲल्युमिना कमी पडला तर तेथे हे वायू गुपचूप निघत राहतात, पण संपूर्ण पॉटच्या व्होल्टमापकावर त्याची नोंदच होत नाही. धनाग्रांतील प्रवाह एकेक करून मोजण्याची सोय त्याच्या कारखान्यात आहे का?

प्रश्न : तळोजा आणि मौदा येथेही ॲल्युमिनिअमचे कारखाने आहेत. तेथून हे वायू निघतात का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : नाही. तेथे तयार धातूच्या लाद्या वितळवून आणि लाटून पत्रे बनतात, विद्युत अपघटन होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइट बेळगावला जात आले आहे, पण तेथेही त्यापासून ॲल्युमिनाच बनतो. महाराष्ट्रात आज प्राथमिक, म्हणजे ॲल्युमिनापासून नव्याने बनणाऱ्या, ॲल्युमिनिअमचा एकही स्मेल्टर नाही.

प्रश्न : स्मेल्टरच्या आसपास गुरांचे दात झिजतात, असे वाचले. हे खरे आहे का, आणि त्यावर उपाय निघाला आहे का? (पशुवैद्यक, अहिल्यानगर)

उत्तर : खरे आहे. बाथमधील फ्लोराइडचा ॲल्युमिनातील आणि हवेतील ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो गवतावर बसतो, गुरांच्या पोटात जातो आणि दातांत व हाडांत साठतो. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमच्या स्मेल्टर परिसरातील माणसे आणि जनावरे यांच्यावरील अहवाल १९४९ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

उपाय निघाला आणि तो फार सुरेख आहे. पॉटमध्ये टाकायचा ताजा ॲल्युमिनाच आधी धुराच्या प्रवाहात सोडतात. त्याचा सच्छिद्र पृष्ठभाग हायड्रोजन फ्लोराइड ९९ टक्क्यांहून अधिक शोषून घेतो, मग तो ॲल्युमिना पिशव्यांच्या गाळणीत पकडून पॉटमध्ये टाकतात आणि महागडे फ्लोराइड बाथला परत मिळते. पण ही ९९ टक्क्यांची गोष्ट शोषक यंत्रापर्यंत पोचलेल्या धुराची आहे. धनाग्र बदलण्यासाठी पॉटची झाकणे काढली की धूर थेट पॉटरूममध्ये आणि छताच्या झरोक्यांतून बाहेर जातो. वाकलेली, नीट न बसणारी झाकणे आणि ती लावण्यातील हयगय हेच आज फ्लोराइड गळतीचे मुख्य कारण असते, म्हणून असा कारखाना पाहायला गेलात तर यंत्रांआधी झाकणांकडे पाहावे. धनाग्राच्या कोकमधील गंधकापासून होणारा सल्फर डायऑक्साइड मात्र या पद्धतीने फारसा अडत नाही, त्यासाठी वेगळी धुलाई लागते.

प्रश्न : १ किलो ॲल्युमिनिअमला १३-१४ युनिट वीज लागते आणि त्यातील निम्मी वाया जाते, असे ऐकले. शंभर वर्षांहून अधिक काळात ही गळती का थांबवता आली नाही? (विद्युत अभियंता, पुणे)

उत्तर : आकडे बरोबर आहेत. सिद्धांताने सुमारे ६.३ युनिट पुरेशी आहेत. आपल्यासाठी सूत्रच देतो : पॉटचे व्होल्ट गुणिले २.९८ भागिले प्रवाह कार्यक्षमता, म्हणजे किलोमागे युनिट. ४.२ व्होल्ट आणि ९४ टक्के धरले तर १३.३ येतात, आणि कार्यक्षमता ९० वर आली तर १३.९. या ४.२ व्होल्टपैकी मूळ अपघटनाला लागतात सुमारे १.२. बाकीचे धनाग्रावरील अधिदाब (तेथील अभिक्रिया चालू ठेवण्यासाठी लागणारे जादा व्होल्ट), बाथचा रोध, बुडबुड्यांचा थर, कार्बनचे ठोकळे आणि जोडण्या यांत उष्णता होऊन जातात.

धनाग्र आणि धातू यांच्यात ४ ते ५ सेंटिमीटर बाथ असतो, ते अंतर कमी केले की व्होल्ट वाचतात, हे कोणाच्याही लक्षात येते. पण लाखो ॲम्पिअरच्या चुंबकीय क्षेत्रात द्रव धातूचा पृष्ठभाग स्थिर राहत नाही, आणि अंतर घटले की त्याच्या लाटा बुडबुड्यांत मिसळतात. मग दुसऱ्या उत्तरातली उलटी अभिक्रिया जोर धरते, आणि व्होल्टमध्ये वाचवलेले टक्क्यांत गमावले जाते. म्हणून वाहक पट्ट्यांची मांडणी बदलून चुंबकीय क्षेत्र शांत करणे, बुडबुड्यांना वाट मिळावी म्हणून धनाग्राच्या तळाला खाचा पाडणे, अशा वाटांनी काही दशांश व्होल्ट मिळवले जातात. नॉर्वेतील कारमोय येथे २०१८ पासून चालू असलेल्या प्रायोगिक पॉटलाइनचे (पॉटच्या रांगेचे) उद्दिष्ट १२.३ युनिटचे आहे.

‘वाया जाते’ या शब्दाला थोडी मर्यादा घालायला हवी. वितळलेले क्रायोलाइट जवळजवळ कोणतेही अस्तर खाते. त्याला थोपवून धरतो तो पॉटच्या कडेला गोठलेला बाथचाच थर, आणि तो गोठलेला राहावा म्हणून भिंतीतून उष्णता सतत बाहेर जावी लागते. पॉटला उत्तम उष्णतारोधक गुंडाळले तर काही दिवसांत भिंतच फुटेल.

एक दशांश व्होल्टची किंमत मात्र पाहण्यासारखी आहे. ओडिशातील अंगुल येथील नाल्को या सरकारी कंपनीच्या स्मेल्टरची क्षमता वर्षाला ४.६ लाख टन आहे आणि त्याच्या जोडीला १२०० मेगावॅटचे स्वतःचे कोळशावरील वीज केंद्र आहे. एवढ्या धातूमागे ०.१ व्होल्ट वाचले तर वर्षाला साडेचौदा कोटी युनिट वाचतात. कोळशाच्या वीजनिर्मितीत युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे पॉटच्या धूरमार्गाला हातही न लावता जवळपास दीड लाख टन वायू टळतो. आपल्या देशात १ टन धातूमागे पॉटमधून दीड टन आणि वीज केंद्राच्या चिमणीतून त्याच्या आठ-नऊ पट वायू निघतो. जलविद्युतीवर चालणाऱ्या क्वेबेक किंवा आइसलँडमध्ये हा दुसरा आकडा नगण्य असतो. पॉट इकडचा आणि तिकडचा सारखाच.

प्रश्न : आमचा ॲल्युमिनिअम एक्स्ट्रुजनचा (धातू साच्यातून दाबून पट्ट्या, नळ्या काढण्याचा) छोटा उद्योग आहे. युरोपातील ग्राहक कार्बनचा हिशेब मागतो. वरचा वीज केंद्राचा आकडा आमच्या माथी येणार का? (उद्योजक, चाकण)

उत्तर : युरोपीय संघाच्या सीमा कार्बन समायोजन यंत्रणेत (आयात मालामागच्या उत्सर्जनावरील आकारणीत) ऑक्टोबर २०२३ पासून नोंदी आणि जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा आहे. ॲल्युमिनिअमसाठी त्यात पॉटमधील कार्बन डायऑक्साइड आणि परफ्लोरोकार्बन धरतात, विजेमागचे उत्सर्जन सध्याच्या नियमांत आकारणीत येत नाही. माझ्या मते हा नियम फार काळ असाच राहील असे गृहीत धरून गुंतवणूक करू नये. आपण लाद्या ज्या स्मेल्टरकडून घेता त्याच्याकडून पॉटच्या उत्सर्जनाचे प्रत्यक्ष मोजलेले आकडे लेखी मागा, आणि भंगार वितळवून केलेल्या मालाची नोंद वेगळी ठेवा, कारण त्याला प्राथमिक धातूच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

प्रश्न : कार्बनऐवजी न जळणारे धनाग्र वापरले तर ऑक्सिजन बाहेर पडेल. किंवा आहे तो कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत पुरता येईल. या दोन्ही गोष्टी का होत नाहीत? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : पकडण्याची अडचण आधी सांगतो. पॉटमध्ये धूर ओढून घेण्यासाठी प्रचंड हवा खेचावी लागते, त्यामुळे धूरमार्गात कार्बन डायऑक्साइड जेमतेम १ टक्का उरतो. कोळशाच्या वीज केंद्राच्या धुरात तो १२-१४ टक्के असतो. इतका विरळ वायू वेगळा करणे फार खर्चाचे आहे. हवा कमी खेचावी तर झाकणांच्या फटींतून फ्लोराइड बाहेर येते.

न जळणाऱ्या धनाग्रांवर अनेक दशके काम चालू आहे. कॅनडात अल्कोआ आणि रिओ टिंटो यांनी २०१८ मध्ये ‘एलिसिस’ हा संयुक्त उपक्रम यासाठीच जाहीर केला. ९६० अंशांवरील क्रायोलाइट आणि नुकताच जन्मलेला ऑक्सिजन या दोघांना एकाच वेळी तोंड देईल, आणि विरघळून धातू अशुद्ध करणार नाही, असा पदार्थ मिळवणे ही पहिली अडचण. दुसरी अडचण विजेची आहे आणि ती टाळता येत नाही. कार्बन जळतो तेव्हा तो अपघटनाच्या कामाचा वाटा उचलतो. तो नसला तर १.२ व्होल्टऐवजी २.२ व्होल्ट लागतात आणि सैद्धांतिक गरज ६.३ वरून ९ युनिटांच्या वर जाते. ऑक्सिजन सुटताना धनाग्रावरील अधिदाब कमी असतो आणि न झिजणारे धनाग्र धातूच्या अधिक जवळ ठेवता येते, म्हणून ही सगळी वाढ अंगावर येईलच असे नाही. पण ती भरून निघाली नाही, तर कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या स्मेल्टरमध्ये पॉटमधील दीड किलो वायू वाचवण्यासाठी वीज केंद्रात अडीच ते तीन किलो वायू सोडावा लागेल. क्वेबेकमध्ये हे धनाग्र बसवणे शहाणपणाचे ठरेल. छत्तीसगडमधील कोरबा किंवा अंगुल येथे मात्र आधी विजेचा स्रोत बदलावा आणि मगच धनाग्राकडे वळावे, असे मी म्हणेन.